शिवेपलीकडचा रस्ता

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली तेव्हा प्रवरेकाठचे बेलापूर हे जुने, वसते गाव होते. पण रूळ गावात आले नाहीत. गावाच्या उत्तरेला काही किलोमीटरवर स्थानक उभे राहिले आणि त्याला बेलापूरचे नाव तेवढे मिळाले. स्थानकाभोवती पेठ आली, पेठेमागून घरे, शाळा, बाजार. या वस्तीला लोक बेलापूर रोड म्हणत. पुढे तिचेच श्रीरामपूर झाले. आज तालुक्याची कचेरी, नगरपरिषद, बाजार समिती सगळे श्रीरामपुरात आहे, आणि बेलापूर बुद्रुक व बेलापूर खुर्द ही नदीकाठची गावे आपापल्या ग्रामपंचायतींच्या कारभारात आहेत. स्थानक कुठे ठेवायचे हा एका रेल्वेच्या नकाशावरचा निर्णय होता. बाजार कुठे भरेल, कुठली जमीन घरांखाली जाईल, कुठल्या गावची मुले शिकायला कुठे जातील, हे सगळे त्या एका निर्णयाबरोबर ठरून गेले आणि दीडशे वर्षे तसेच राहिले.

रेल्वेमागून पाणी आले. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेरपासून श्रीरामपूर-राहुरीपर्यंतच्या कोरडवाहू शेतीचे रूप बदलले. बेलापूर कंपनी १९१९ साली निघाली, तिचा साखर कारखाना हरिगावला उभा राहिला. १९३३ साली महाराष्ट्र शुगर मिल्स स्थापन झाली, तिच्यामुळे टिळकनगर वसले. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ सहकारी कारखान्यांची रांगच लागली. रूळ, पाणी, ऊस, कारखाना, बाजार यांची ही साखळी एवढी घट्ट आहे की मागे वळून पाहताना ती कुणीतरी आखल्यासारखी वाटते. तसे झालेले नाही. रेल्वेने रुळांचे पाहिले, पाटबंधारे खात्याने कालव्याचे, महसूल खात्याने साऱ्याचे, कंपन्यांनी आपापल्या मळ्यांचे. ज्या गावांच्या शिवारात हे सगळे घडत होते त्या गावांना कुणी एकत्र बसवून विचारले नाही.

हे पुस्तक त्या राहून गेलेल्या बैठकीविषयी आहे. एका प्रदेशातल्या नगरपालिका, ग्रामपंचायती, जिल्हा परिषद यांनी मिळून वाहतूक आणि जमिनीचा वापर या दोन गोष्टी एकाच वेळी कशा ठरवाव्यात, जगात त्या कशा ठरवल्या जातात, आपल्याकडे त्यासाठी कायद्यात काय सोय आहे आणि ती का वापरली जात नाही, हा त्याचा विषय. विषय रुक्ष वाटतो. पण नगर-मनमाड रस्त्यावर ज्यांच्या घरचे माणूस गेले आहे, किंवा ज्यांच्या दुकानापुढून रुंदीकरणाची खूण गेली आहे, त्यांना तो रुक्ष वाटणार नाही.

या मुलखाकडे एकत्रित नजरेने पाहणारे एक मोठे माणूस आपल्याला लाभले होते, ते म्हणजे धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांमधल्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. खेड्यापाड्यांतून धावणाऱ्या खासगी मोटारींचा अभ्यास करावा असे त्या काळी अर्थशास्त्राच्या फार थोड्या अभ्यासकांना सुचले असेल. पुढे १९४८ साली त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्यांची पाहणी छापली. तिच्यात प्रत्यक्ष फायदे होते तसे अप्रत्यक्षही होते; म्हणजे पाणी शेतात पडल्यावर जे काही शेताच्या बांधाबाहेर घडते त्याचाही हिशेब होता. त्याच वर्षी १ जूनला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला धावली. दोन वर्षांनी गाडगीळ लोणीच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९६५ साली मुंबई आणि पुणे या महानगर प्रदेशांच्या नियोजनासाठी सरकारने जी समिती नेमली तिचेही अध्यक्ष तेच होते. त्या समितीच्या शिफारशींनी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याची वाट मोकळी केली, आणि ११ जानेवारी १९६७ पासून तो कायदा अमलात आला.

मला हा धागा फार मोलाचा वाटतो. एकेका गावाची किंवा शहराची हद्द ओलांडून प्रदेशाचा विचार करावा, असे सांगणारा महाराष्ट्राचा कायदा मुंबईच्या गर्दीतून जन्मला असे आपण समजतो. पण त्यामागच्या माणसाने मोटारींच्या फेऱ्या आणि प्रवरेच्या कालव्याचे पाणी आधी मोजलेले होते. शिवार, रस्ता आणि बाजार वेगळे मोजता येत नाहीत ही समज त्याला जिल्ह्याजिल्ह्यांतल्या या पाहण्यांतून आली असली पाहिजे.

आता आजच्या रस्त्यावर येऊ. नगर-मनमाड मार्गावर राहुरी, कोल्हार, राहाता अशी गावे ओळीने आहेत. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या मालमोटारी, शिर्डीचे भाविक, कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या, सगळे याच एका रस्त्यावर. त्याचे काम किती वर्षे रखडले आहे हे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पण समजा, रस्ता उद्या पुरा झाला. पुढे काय होते ते आपण बाकीच्या रस्त्यांवर पाहिलेले आहे. रस्ता सुधारला की कडेच्या जमिनीचा भाव चढतो. शेतकरी एनए, म्हणजे बिगरशेती, करून घेतो, नाहीतर गुंठ्या-गुंठ्याने विकतो. आधी ढाबा येतो, मग पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, शोरूम, शाळा, प्लॉटिंगचे फलक. प्रत्येकाला महामार्गावरून थेट फाटा हवा असतो. लग्नाच्या तिथीला मंगल कार्यालयाबाहेर गाड्यांची दुहेरी रांग लागते, शाळा सुटायच्या वेळी मुले रस्ता ओलांडतात. लांबच्या वाहतुकीसाठी बांधलेला रस्ता गावातली गल्ली होऊन बसतो. मग गतिरोधक मागितले जातात, मग उड्डाणपूल, मग बायपास. बायपास झाला की वर्षभरात त्याच्या कडेला पहिला ढाबा उभा राहतो.

हा फेरा रस्ता बांधणाऱ्या खात्याला एकट्याने तोडता येत नाही, कारण कडेची जमीन त्याच्या हातात नाही. महामार्गालगत इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा असतात, नियम आहेत. पण त्या रेषेच्या आत काय होते ते पाहणारी माणसे वेगळी. बिगरशेतीचा आदेश महसूल खात्याकडून, बांधकामाचा नकाशा कुठे नगरपरिषदेकडून तर कुठे नगररचना कार्यालयाच्या अभिप्रायाने, आणि घरपट्टीची नोंद ग्रामपंचायतीकडे. ग्रामपंचायतीलाही एकट्याने हा फेरा तोडता येत नाही. तिने आपल्या हद्दीत फाटे रोखले तर शेजारचे गाव देते आणि दुकाने तिकडे जातात. म्हणून प्रश्न एका गावाच्या शहाणपणाचा नाही. रस्त्यावरच्या सगळ्या गावांनी एकच नियम एकाच दिवशी लावायचा प्रश्न आहे, आणि तसा नियम लावू शकेल असे ठिकाण आपण उभे केलेले नाही.

रस्त्यांची मालकी पाहिली तर हे आणखी कळते. १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली होती. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही विभागणी तिथून आली. आजही ती चालू आहे. वरचे रस्ते केंद्राच्या यंत्रणेकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, खालचे बहुतेक जिल्हा परिषदेकडे, गावातले ग्रामपंचायतीकडे, आणि शेताकडे जाणारी पाणंद कुणाची यावरून भाऊबंदकी. उसाची ट्रॉली मात्र एकाच फेरीत या सगळ्यांवरून जाते. पाणंदीतून निघते, ग्रामीण मार्गावर येते, जिल्हा मार्गाने महामार्गाला लागते आणि कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचते.

उसाचे उदाहरण मला मुद्दाम थोडे ताणून सांगायचे आहे, कारण आपल्या भागात जमीन आणि वाहतूक यांची गाठ त्याच्याइतकी उघड दुसरीकडे दिसत नाही. दोन कारखान्यांमध्ये किमान २५ किलोमीटरचे हवाई अंतर असावे असा महाराष्ट्रात नियम आहे. पूर्वी कोणत्या गावचा ऊस कोणत्या कारखान्याने घ्यायचा हेही ठरलेले असे. ती झोनबंदी शेतकऱ्यांच्या चळवळीने उठवली, आणि योग्य केले; आपला माल कुणाला विकायचा हे शेतकऱ्यानेच ठरवावे. पण त्याबरोबर ऊस दूरदूर जाऊ लागला. एका कारखान्याच्या दारातला ऊस दुसऱ्याच्या गव्हाणीत आणि त्याच्या दारातला याच्या, अशा ट्रॉल्या रस्त्यात एकमेकींना भेटू लागल्या. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्याच ऊसदरातून वजा होतो, आणि तो कारखान्याच्या सरासरीने होतो, म्हणून जवळच्याला दूरच्याचा भार पडतो. खड्डे जिल्हा परिषदेच्या वाट्याला येतात. रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आदळणारा मोटारसायकलवाला कुणाच्याच ताळेबंदात येत नाही. झोनबंदी उठवण्याचा निर्णय झाला तेव्हा रस्ते सांभाळणाऱ्यांना कुणी बोलावले असेल असे मला वाटत नाही. बोलावले असते तर झोनबंदी उठूनही गाळपाच्या महिन्यांसाठी वाहतुकीचे मार्ग, वेळा आणि रस्तादुरुस्तीत कारखान्यांचा वाटा एवढे तरी ठरवता आले असते.

मग बोलवायचे कुणी? याचे उत्तर राज्यघटनेत आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असावी असे सांगितले. अनुच्छेद २४३-झेडडी. समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे, तेही ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. समितीने पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करून साऱ्या जिल्ह्याच्या विकास योजनेचा मसुदा करायचा, आणि तो करताना दोघांच्या सामाईक हिताच्या बाबी पाहायच्या. त्या बाबींमध्ये पहिलीच बाब आहे जागेच्या वापराचे नियोजन. मग पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सोयींचा एकात्मिक विकास, पर्यावरणाचे रक्षण. घटनेने आपल्या हातात दिलेले हे प्रादेशिक मंडळच आहे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ साली कायदाही केला. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव.

प्रत्यक्षात लोकांच्या तोंडी या समितीचे नाव डीपीडीसी, आणि डीपीडीसी म्हणजे निधी. जिल्हा वार्षिक योजनेचा आकडा किती वाढला, कुणाच्या गटाला किती सभामंडप, किती हायमास्ट दिवे, किती किलोमीटर डांबरीकरण, यावर बैठक भरते आणि संपते. सभामंडप गावाला हवा असतो, त्याची हेटाळणी करण्यात अर्थ नाही. पण ज्या बैठकीत श्रीरामपूरची वाढ कोणत्या दिशेने व्हावी, बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना काय यावे आणि काय येऊ नये, हे ठरायला हवे होते, तिथे ते विषयपत्रिकेवर येतच नाही. २०१५-१६ पासून गावोगाव ग्रामपंचायत विकास आराखडे होऊ लागले. प्रत्येक आराखडा आपल्या शिवेपाशी थांबतो. शेजारच्या दोन आराखड्यांतले रस्ते एकमेकांना मिळतात की नाही, हे कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कळणार कसे?

१९६६ च्या कायद्यातही सोय आहे. प्रदेश अधिसूचित करायचा, प्रादेशिक नियोजन मंडळ नेमायचे, मंडळाने प्रादेशिक योजना करायची. जमिनीच्या वापराचे वाटप आणि दळणवळणाचे जाळे दोन्ही तिच्यातच. रचना चांगली आहे. तिची कमजोरी दोन ठिकाणी आहे. मंडळ सरकार नेमते, गावे आणि शहरे ते उभे करत नाहीत. आणि मंडळाचे काम योजना करून देण्याचे. ती राबवण्यासाठी रस्त्यांचा पैसा त्याच्या हातात नसतो. रंगवलेला नकाशा एका कार्यालयात आणि रस्त्यांची निविदा दुसऱ्या कार्यालयात राहते.

जमीन आणि वाहतूक यांची गाठ घातली तर काय होऊ शकते हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे. नवी मुंबईसाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ साली सुरू झाली तिच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा सिडकोने उचलला आणि उरलेला रेल्वेने. सिडकोकडे पैसा आला तो जमिनीच्या विक्रीतून, आणि जमिनीला भाव आला तो रेल्वे येणार म्हणून. जिथे स्थानक तिथे दाट वस्ती आणि कचेऱ्या, हे आधीच कागदावर होते. आपल्या बेलापूरला १८७८ साली जे मिळाले नाही ते ठाणे खाडीपलीकडच्या बेलापूरला मिळाले. पण तिथली ९५ गावे या निर्णयात नव्हती. त्यांची शेते, मिठागरे, खाडी गेली, आणि मोबदल्यासाठी त्यांना दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या गोळीबारांत पाच शेतकरी मेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. म्हणून एकच सर्वाधिकारी महामंडळ नेमा आणि मोकळे व्हा, असे कुणी म्हटले की मला ही गावे आठवतात. गाठ घालणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच ती घालताना कोण हजर होते हेही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण पुण्याजवळ हिंजवडीचे. औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान उभारले, लाखो नोकऱ्या आल्या. भोवती हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायती, शेजारी पिंपरी-चिंचवड महापालिका, २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, शिवाय बांधकाम विभाग. कामाची जागा एकाने ठरवली, घरांना परवानगी दुसऱ्याने दिली, रस्ते तिसऱ्याचे आणि ओढे बुजले तेव्हा चौथा गप्प राहिला. पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्याचे पाहा. एक प्राधिकरणाचा आणि दुसरा रस्ते विकास महामंडळाचा, असे दोन आखले गेले. संस्था कमी पडल्या असे म्हणता येत नाही. त्यांच्यामध्ये बोलणे कमी पडले.

अमेरिकेतला अनुभव या पुस्तकात सविस्तर येतो, त्याचे एकच सूत्र इथे सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतालच्या काउंट्या आणि शहरांनी १९६१ साली आपण होऊन एक संघ स्थापन केला. कुणी वरून एखादे बलाढ्य प्राधिकरण लादण्याआधी आपणच एकत्र बसावे, हा त्यामागचा एक हेतू होता. असे संघ देशभर निघाले, पण त्यांना बळ आले ते १९६२ च्या संघराज्याच्या महामार्ग कायद्याने. ५०,००० हून जास्त वस्तीच्या नागरी भागात महामार्गांसाठी केंद्राचा पैसा हवा असेल, तर राज्य आणि स्थानिक संस्थांनी मिळून सतत चालणारे, सर्वंकष नियोजन केले पाहिजे, अशी अट त्यात होती. पैसा हवा तर एकत्र बसा. पुढे १९९१ च्या कायद्याने आणखी एक शिस्त लावली : दीर्घ मुदतीच्या वाहतूक योजनेत तेवढीच कामे धरायची ज्यांच्यासाठी पैसा कुठून येईल हे दाखवता येते. आपल्याकडे निवडणुकीपूर्वी घोषित झालेल्या रस्त्यांची आणि लोहमार्गांची यादी या एका चाळणीतून घातली तर किती उरतील, याचा विचार वाचकाने करावा.

त्या संघांच्या मर्यादाही लपवायचे कारण नाही. जमिनीचा अधिकार तिथे शहरांकडेच राहिला. संघ सांगतो की स्थानकाजवळ घरे दाट बांधा, आणि सुखवस्तू उपनगर नाही म्हणते. कॅलिफोर्नियाने २००८ साली कायदा करून प्रादेशिक वाहतूक योजनेला जमीनवापराची आणि प्रदूषण घटवण्याची जोड देणे बंधनकारक केले, तरी शहराचा नकार मोडण्याची ताकद संघाला मिळालेली नाही. सहा दशके एकत्र बसूनही हा प्रश्न सुटलेला नाही. तरीही बसणे थांबलेले नाही, आणि त्या बसण्यातून प्रवासाच्या मोजणीची, लोकसंख्येच्या अंदाजाची, घरांच्या गरजेची एक सामाईक नोंद तयार झाली आहे. भांडणारे निदान त्याच आकड्यांवर भांडतात.

आपल्याकडे सामाईक नोंद नाही, पण सामाईक वाटणीचा अनुभव आहे. कालवा सल्लागार समिती भरते, आवर्तने ठरतात, हेडचा शेतकरी आणि टेलचा शेतकरी एकाच पाण्यावरून भांडतात आणि अखेर काहीतरी ठरते. श्रीरामपूर-बेलापूरकडचा शेतकरी कालव्याच्या टेलकडचा. वर कुणी जास्त घेतले तर खाली काय होते हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या कळते. रस्त्याचेही तसेच आहे. वरच्या गावाने महामार्गावर पन्नास फाटे उघडले तर खालच्या गावची रुग्णवाहिका अडकते. पाण्याची ही समज रस्त्याला लावायची, एवढेच करायचे आहे. कित्येक गावांनी मिळून चालवायच्या प्रादेशिक नळपाणी योजनाही जिल्ह्याला नव्या नाहीत. ग्रामपंचायतींच्या कायद्यात दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांच्या संयुक्त समितीची तरतूद आहे. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची वाट पाहायला नको.

आणि घाई आहे. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून गेला. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये खुला झाला. शिर्डीजवळचे काकडीचे विमानतळ ऑक्टोबर २०१७ पासून चालू आहे. नगर-बीड-परळी रेल्वे आष्टीपर्यंत २०२२ मध्ये आणि बीडपर्यंत सप्टेंबर २०२५ मध्ये पोचली; बेलापूर-शेवगाव-परळी या मार्गाची जुनी मागणी मात्र अजून मागणीच आहे. पुणे-नाशिक रेल्वेचा मूळ मार्ग नारायणगाव-संगमनेरवरून होता. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला बाधा येईल म्हणून तो बदलण्याची भूमिका रेल्वेने घेतली आणि संगमनेर विरुद्ध शिर्डी असा वाद पेटला. या वादात गाडी कुणाच्या गावावरून जाणार एवढेच बोलले जाते. स्थानकाभोवतीची जमीन कुणाची असेल, तिथे काय बांधले जाईल, शेजारच्या वीस गावांतून स्थानकापर्यंत यायला बस असेल की नाही, हे प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारले जात नाहीत. पण रूळ पडल्यानंतर शंभर वर्षे टिकणारे परिणाम याच प्रश्नांचे असतात.

श्रीरामपूर, राहाता आणि कोपरगाव तालुक्यांत आणखी एक गोष्ट आहे जी राज्यात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. खासगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर सरकारकडे आल्या आणि १९६३ साली त्यांच्यासाठी शेती महामंडळ निघाले. खंडकऱ्यांनी अर्धशतक लढून आपल्या जमिनीचा मोठा भाग परत मिळवला. तो न्याय होता. पण जे मळे अजून महामंडळाकडे आहेत ते सलग आहेत, सार्वजनिक मालकीचे आहेत, आणि त्यांतले कित्येक रेल्वे किंवा मोठ्या रस्त्याच्या आवाक्यात आहेत. आज त्यांचे तुकडे एकेका अर्जावर, एकेका खात्याच्या मागणीवर ठरतात : इथे औद्योगिक वसाहत, तिथे घरकुले, पलीकडे कार्यालय. प्रत्येक मागणी वेगळी पाहिली तर रास्त असते. पण घरकुले स्थानकापासून दूर आणि गोदामे गावाच्या पोटात, असे एकदा झाले की ते उलटवता येत नाही. या जमिनीचा एकत्र नकाशा वाहतुकीच्या नकाशाशेजारी ठेवून जिल्हा नियोजन समितीपुढे एकदाही सविस्तर चर्चेला येऊ नये, याचे मला दुःख आहे आणि थोडा रागही.

अहिल्यानगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, १४ तालुक्यांचा, राज्यात आकाराने सर्वांत मोठा. त्याचे विभाजन व्हावे आणि मुख्यालय श्रीरामपूरला, शिर्डीला की संगमनेरला, हा वाद कित्येक निवडणुका पाहून झाला. मुख्यालय कुठेही होवो; श्रीरामपूर आणि राहुरी, देवळाली प्रवरा आणि बेलापूर, राहाता आणि शिर्डी यांचे रस्ते एकमेकांतच मिळणार आहेत. म्हणून सुरुवात विभाजनाची वाट न पाहता, आणि लहान करावी असे मी सुचवीन. श्रीरामपूर-बेलापूर-राहुरी हा पट्टा घ्या. त्यावरच्या नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती यांनी संयुक्त समितीचा ठराव करावा. पहिल्या वर्षी तिने तीनच कामे करावीत : गाळपाच्या हंगामात आणि हंगामाबाहेर एकेक आठवडा वाहनांची मोजणी, रस्त्याच्या दोन्ही कडांच्या दिलेल्या आणि मागितलेल्या बिगरशेती परवानग्यांचा एक नकाशा, आणि नवे फाटे कुठे द्यायचे याचा सगळ्यांना सारखा नियम. एसटीचे आगार, कारखाने, बाजार समिती आणि कृषी विद्यापीठ यांना निमंत्रित म्हणून बसवावे. मोजणी महाविद्यालयांचे विद्यार्थी करू शकतील. झालेले काम जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवावे, आणि त्या पट्ट्यातल्या रस्त्यांचा निधी त्या नकाशाला धरूनच द्यावा अशी मागणी सदस्यांनी इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.

पुढच्या प्रकरणांत अशा समितीचा ठराव, सभासदत्व आणि मतांची विभागणी यांची चर्चा आहे. मोठ्या नगरपरिषदेला जास्त मते द्यावीत की प्रत्येक गावाला एक, हा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. माझे मत असे की जमिनीच्या नियमांवर प्रत्येक संस्थेला एक मत असावे आणि पैशाच्या वाटपावर लोकसंख्येचे वजन. पुस्तकाच्या लेखकाचे मत थोडे वेगळे आहे आणि ते त्याने सकारण मांडले आहे. सरपंचांनी आणि नगरसेवकांनी ते प्रकरण आधी वाचावे, आणि वाचून झाल्यावर शेजारच्या गावच्या सरपंचाला द्यावे.